कार्यालयातून आलेला जुना नेटवर्क प्रिंटर घरच्या संगणकाला जोडताना

मोठी कार्यालये काही वर्षांनी आपले लेझर प्रिंटर बदलतात आणि काढून टाकलेली यंत्रे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा ओळखीपाळखीतून थेट कुणाच्या तरी घरी येऊन पोहोचतात. एचपीचे लेझरजेट १३२०एन, पी२०१५एन, पी२०५५डीएन किंवा ब्रदरचा एचएल-५२५०डीएन ही अशी यंत्रे रोजच्या कार्यालयीन कामासाठी बांधलेली असल्यामुळे घरच्या थोड्या छपाईला ती अनेक वर्षे सहज पुरतात, शिवाय त्यांची टोनर कार्ट्रिज भरून देणारे कारागीरही बहुतेक शहरांत सापडतात. अडचण येते ती घरी आणल्यावर. नव्या लॅपटॉपवर शोध घेतला की प्रिंटर यादीत दिसतच नाही, किंवा दिसतो आणि दुसऱ्या दिवशी ‘ऑफलाइन’ होतो. त्यावरून यंत्र बिघडलेले आहे असा निष्कर्ष काढून ते भंगारात देणारे पुष्कळ लोक आहेत, आणि ते पाहून मला खरोखर वाईट वाटते, कारण बहुतेक वेळा यंत्रात काहीच दोष नसतो. प्रिंटरकडे जुन्या कार्यालयातला पत्ता शिल्लक असतो आणि संगणकाकडे त्या प्रिंटरची भाषा बोलणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, नसतो. या दोन गोष्टी हाताने, नीट क्रमाने जुळवल्या की काम होते. संगणकाने प्रिंटर आपोआप शोधावा याची वाट पाहत बसू नये, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

आधी यंत्र पाहावे

प्रिंटरच्या मागच्या बाजूला नेटवर्क केबलची चौकोनी जागा आहे का, हे प्रथम पाहावे. हिला आरजे-४५ असे म्हणतात आणि तिच्यात आठ बारीक पितळी तारा दिसतात. फॅक्सची सोय असलेल्या बहुउपयोगी यंत्रांत टेलिफोनच्या तारेसाठीही तशीच दिसणारी, पण अरुंद जागा असते. नेटवर्कची केबल तिच्यात नीट बसत नाही, म्हणून जोर लावू नये. मॉडेलच्या नावाच्या शेवटची अक्षरेही बोलकी असतात: ‘एन’ म्हणजे नेटवर्क, ‘डी’ म्हणजे कागदाच्या दोन्ही बाजूंना छपाई, ‘डब्ल्यू’ म्हणजे वाय-फाय आणि ‘एफ’ म्हणजे फॅक्स. नुसत्या लेझरजेट १३२०ला नेटवर्कची जागा नसते, १३२०एनला असते. विकत घेण्यापूर्वी एवढे एक अक्षर वाचून घ्यावे.

लेझर प्रिंटर कागदावर टोनर पक्का करण्यासाठी आतला रूळ तापवतो आणि त्या क्षणी बरीच वीज ओढतो. म्हणून त्याची पिन भिंतीतल्या चांगल्या सॉकेटमध्ये थेट लावावी. घरचा छोटा यूपीएस किंवा इन्व्हर्टर त्याला देऊ नये.

यानंतरचे काम फार महत्त्वाचे आहे आणि नवखे लोक नेमके तेच वगळतात. संगणकाला हात लावण्यापूर्वी प्रिंटरकडून त्याचे स्वतःचे माहितीपत्रक, म्हणजे कॉन्फिगरेशन पेज, छापून घ्यावे. ज्या यंत्रांना छोटा पडदा असतो त्यांच्यात ते ‘रिपोर्ट्स’ किंवा ‘इन्फर्मेशन’ या यादीत मिळते. लेझरजेट १३२०एनसारख्या बिनपडद्याच्या यंत्रात कागद भरून, यंत्र तयार अवस्थेत असताना, ‘गो’ हे बटण सुमारे ५ सेकंद दाबून धरावे. इतर यंत्रांची पद्धत निर्मात्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. हे पान छापले गेले की दोन गोष्टी एकदम कळतात. एक, छपाईची यंत्रणा धड आहे. दोन, पुढे लागणारी सगळी माहिती आता कागदावर आपल्या हातात आहे.

या पानावर चार नोंदी शोधून त्यांच्याखाली पेनाने रेघ मारावी. ‘आयपी अ‍ॅड्रेस’ हा प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता असतो. ‘हार्डवेअर अ‍ॅड्रेस’ किंवा ‘मॅक अ‍ॅड्रेस’ ही बारा अक्षर-अंकांची, यंत्राला कारखान्यातच दिलेली ओळख असते आणि ती बदलत नाही. ‘कॉन्फिग बाय’ या नोंदीपुढे ‘डीएचसीपी’ असे असेल तर प्रिंटर राउटरकडून पत्ता मागून घेतो, पण ‘मॅन्युअल’ असे असेल तर कुणीतरी तो हाताने घातलेला आहे. चौथी नोंद भाषांची आहे: एचपीच्या पानावर ‘पर्सनॅलिटीज’ या मथळ्याखाली पीसीएल, पोस्टस्क्रिप्ट अशी नावे येतात. त्यांचे काम ड्रायव्हर निवडताना पडेल.

केबल कुठे लावावी

नेटवर्क प्रिंटर संगणकाजवळ असण्याची गरज नाही, त्याने राउटरपाशी पोहोचले पाहिजे. घरातल्या ब्रॉडबँडच्या राउटरमागे ‘लॅन’ असे लिहिलेल्या दोन-चार जागा असतात, त्यांपैकी एकीत केबलचे एक टोक आणि प्रिंटरमध्ये दुसरे टोक लावावे. कॅट-५ई प्रकारची साधी केबल १०० मीटरपर्यंत पुरते, त्यामुळे महागडी केबल घेण्याचे कारण नाही. केबल लावताच प्रिंटरच्या जागेजवळचा बारीक दिवा पेटला पाहिजे. तो पेटला नाही तर केबल बदलून पाहावी, राउटरवरची दुसरी जागा वापरून पाहावी. काही नव्या राउटरांवरच्या २.५ गिगाबिटच्या वेगवान जागांना फार जुन्या प्रिंटरचा १० मेगाबिटचा वेग समजत नाही, अशा वेळी शेजारची साधी जागा चालते.

संगणक वाय-फायवर आणि प्रिंटर केबलवर असला तरी काही बिघडत नाही, मात्र दोघेही एकाच राउटरच्या एकाच नेटवर्कवर हवेत. इथे महाराष्ट्रातल्या अनेक घरांत एक गुंता आढळतो. इंटरनेट कंपनीने दिलेला राउटर दारापाशी असतो आणि आतल्या खोलीत वाय-फाय पोहोचावे म्हणून घरच्यांनी विकत घेतलेला दुसरा राउटर त्याला जोडलेला असतो. हा दुसरा राउटर बहुधा स्वतःचे वेगळे नेटवर्क तयार करतो. उदाहरणार्थ, पहिल्यावरच्या यंत्रांचे पत्ते १९२.१६८.२९ने सुरू होतात, तर दुसऱ्यावरच्यांचे १९२.१६८.०ने, आणि पहिल्या राउटरवरच्या संगणकाला दुसऱ्यामागचा प्रिंटर मुळीच दिसत नाही. यावर चांगला उपाय म्हणजे दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ या पद्धतीवर टाकणे. ते जमत नसेल तर प्रिंटर आणि संगणक दोन्ही एकाच राउटरला जोडावेत. ‘गेस्ट’ नावाच्या वाय-फायवर संगणक असेल तर तोही मुख्य वाय-फायवर आणावा, कारण पाहुण्यांसाठीचे नेटवर्क घरातली इतर यंत्रे मुद्दाम लपवते.

प्रिंटर केबलने राउटरपर्यंत नेणे शक्यच नसेल तर लॅनची जागा असलेला छोटा वाय-फाय रिपीटर प्रिंटरशेजारी लावून त्यातून केबल घ्यावी. प्रिंटरला स्वतःचे वाय-फाय असले तरी जुने मॉडेल बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते आणि डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षापद्धत त्याला कळत नाही, म्हणून राउटरवर डब्ल्यूपीए२ किंवा ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र’ हा पर्याय निवडावा लागतो. माझे मत विचाराल तर जुन्या यंत्राला केबलच द्यावी.

पत्त्याचा घोळ सोडवणे

आता छापलेल्या पानाकडे परत यावे. प्रथम आपल्या घरच्या नेटवर्कचा पत्ता काय आहे ते पाहावे. विंडोजमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप करून एंटर दाबले की ‘आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस’ आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ या दोन ओळी दिसतात. गेटवे म्हणजे राउटर. समजा, संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.१०४ आणि राउटरचा १९२.१६८.१.१ आहे. घरगुती राउटरवर बहुधा पहिले तीन आकडे सगळ्या यंत्रांचे सारखे आणि चौथा प्रत्येकाचा वेगळा असतो. (या लेखात आकडे देवनागरीत दिले आहेत. संगणकावर पत्ता टाइप करताना कळफलक इंग्रजीवर ठेवावा, देवनागरी अंक तिथे चालत नाहीत.)

प्रिंटरच्या पानावरही पत्त्याचे पहिले तीन आकडे तेच असतील तर हा भाग सुटला, पुढच्या टप्प्यावर जावे. पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर प्रिंटरने पत्ता मागितला पण राउटरकडून उत्तर आले नाही असा त्याचा अर्थ होतो. केबल तपासून प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करावा आणि पान पुन्हा छापावे. एचपीच्या फार जुन्या ‘जेटडायरेक्ट’ नेटवर्क कार्डांवर १९२.०.०.१९२ असा पत्ता दिसला तरी अर्थ तोच.

खरी कसोटी ‘मॅन्युअल’ नोंद असलेल्या प्रिंटरची. समजा, पानावर १०.२०.५.४० असा पत्ता आहे. कार्यालयातल्या तंत्रज्ञाने तो घातला, यंत्र घरी आले, पण ते अजूनही त्या कार्यालयातच असल्यासारखे वागते: राउटरकडे पत्ता मागतच नाही. घर बदलूनही टपालावर जुनाच पत्ता लिहीत राहणाऱ्या माणसाला उत्तरे मिळू नयेत, तसे त्याचे होते. यंत्राला पडदा असेल तर त्याच्या ‘नेटवर्क’ यादीत जाऊन ‘डीएचसीपी’ निवडणे किंवा ‘रिस्टोअर डिफॉल्ट्स’ करणे हा सोपा मार्ग आहे. पडदा नसेल तर पुढील मार्ग जरा लांबचा वाटेल, पण तो हमखास उपयोगी पडतो आणि एकदा केला की नेटवर्कचे पत्ते म्हणजे काय हे पुरते समजते.

प्रिंटरची केबल राउटरमधून काढून थेट संगणकाच्या नेटवर्कच्या जागेत लावावी. आजच्या संगणकांना त्यासाठी वेगळी उलटी केबल लागत नाही. लॅपटॉपला ती जागाच नसेल तर यूएसबीला लावायचा छोटा इथरनेट जोड बाजारात मिळतो. मग संगणकाचे वाय-फाय तात्पुरते बंद करून विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, त्यात ‘इथरनेट’ आणि त्यात ‘आयपी असाइनमेंट’ उघडावे. तिथे ‘ऑटोमॅटिक’ऐवजी ‘मॅन्युअल’ निवडून आयपीव्ही४ चालू करावे आणि प्रिंटरच्या शेजारचा पत्ता, म्हणजे या उदाहरणात १०.२०.५.४१, घालावा. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० द्यावा, गेटवेची जागा रिकामी सोडावी. आता संगणक काही काळापुरता त्या जुन्या कार्यालयाच्या नेटवर्कचा भाग झाला. ब्राउझर उघडून वरच्या पट्टीत प्रिंटरचा पत्ता टाइप करून एंटर दाबले की प्रिंटरच्या आतले वेबपान उघडते. ब्राउझर सुरक्षिततेची तक्रार करून पान उघडायचे नाकारत असेल तर पत्त्याआधी एचटीटीपी हाच साधा उपसर्ग, ‘एस’ न लावता, स्वतः टाइप करावा, कारण जुन्या प्रिंटरांची कूटलेखनाची पद्धत आजच्या ब्राउझरांना मान्य नसते.

त्या पानावर ‘नेटवर्किंग’ किंवा ‘टीसीपी/आयपी’ या भागात पत्ता कसा मिळवायचा याची निवड असते. तिथे ‘डीएचसीपी’ निवडून ‘अप्लाय’ दाबावे. लगेच पान गोठल्यासारखे होईल, ते बरोबरच आहे, कारण प्रिंटरने जुना पत्ता सोडला. आता केबल पुन्हा राउटरला लावावी, संगणकाचे ‘आयपी असाइनमेंट’ आठवणीने ‘ऑटोमॅटिक’ करावे, वाय-फाय चालू करावे आणि प्रिंटर बंद करून चालू करावा. नवे माहितीपत्रक छापले की त्यावर घरच्या नेटवर्कचा पत्ता, समजा १९२.१६८.१.११२, आलेला दिसेल. प्रिंटरच्या पानाने परवलीचा शब्द मागितला आणि तो ठाऊक नसेल तर निर्मात्याच्या पुस्तिकेत त्या मॉडेलची मूळ स्थितीला नेण्याची, म्हणजे कोल्ड रिसेटची, पद्धत पाहावी.

पत्ता कायमचा करणे

राउटरने दिलेला पत्ता काही दिवसांनी बदलू शकतो. वीज गेली, राउटर पुन्हा चालू झाला, तोवर प्रिंटर बंद होता, आणि ११२ क्रमांक घरातल्या कुणाच्या तरी मोबाइलला मिळाला, असे सहज होते. संगणक मात्र जुन्याच क्रमांकावर छपाई पाठवत राहतो. ‘काल चालत होता, आज चालत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

उपाय राउटरवर करायचा. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून आत शिरावे. परवलीचा शब्द बहुधा राउटरखालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. ‘डीएचसीपी’ किंवा ‘लॅन’ या भागात ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’, ‘स्टॅटिक लीज’ किंवा ‘आयपी-मॅक बाइंडिंग’ अशा नावाची सोय असते. तिथे माहितीपत्रकावरचा हार्डवेअर अ‍ॅड्रेस आणि आपल्याला हवा तो पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०, यांची जोडी नोंदवावी. शून्य आणि ‘ओ’ यांची गल्लत होऊ देऊ नये. या बारा जागांत ० ते ९ हे अंक आणि ‘ए’ ते ‘एफ’ हीच अक्षरे येतात, त्यामुळे ‘ओ’ तिथे कधीच नसतो. नोंद जतन करून प्रिंटर बंद-चालू केला की तो यापुढे नेहमी ५० क्रमांकावरच राहील. राउटरमध्ये ही सोय नसली तर प्रिंटरच्या वेबपानावर जाऊन पत्ता हाताने घालता येतो, पण तो राउटर वाटत असलेल्या पत्त्यांच्या टप्प्याबाहेरचा असावा. राउटर १०० ते १९९ वाटत असेल तर ५० चालेल, १५० चालणार नाही.

आता कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग हा शब्द आणि पुढे एक जागा सोडून प्रिंटरचा पत्ता टाइप करावा. ‘रिप्लाय फ्रॉम’ अशा ओळी आल्या तर संगणक आणि प्रिंटर एकमेकांना ओळखू लागले. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ किंवा ‘अनरीचेबल’ असे आले तर ड्रायव्हरच्या मागे लागू नये. आधीचाच टप्पा कुठेतरी अपुरा आहे, तो पूर्ण करावा. कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपवर कार्यालयाच्या नेटवर्कशी जोडणारे व्हीपीएन चालू असेल तर घरचे नेटवर्क त्यातून बंद केलेले असू शकते, म्हणून तपासणी व्हीपीएन बंद ठेवून करावी.

विंडोजमध्ये प्रिंटर घालणे

विंडोज ११मध्ये ‘सेटिंग्ज’, त्यात ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’ आणि त्यात ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ उघडावे. विंडोज १०मध्ये तेच ‘डिव्हायसेस’ या भागात आहे. आधीच्या फसलेल्या प्रयत्नांतून याच प्रिंटरची नावे तिथे जमली असतील तर ती सगळी काढून टाकावीत. ‘अ‍ॅड डिव्हाइस’ दाबल्यावर संगणक शोध सुरू करतो आणि थोड्या वेळाने, प्रिंटर यादीत नसल्यास हाताने घालण्याचा दुवा दाखवतो. प्रिंटर यादीत दिसला तरीही हाच दुवा दाबावा, असा माझा आग्रह आहे. शोधातून जोडलेला प्रिंटर विंडोज पुष्कळदा ‘डब्ल्यूएसडी’ नावाच्या पोर्टवर, म्हणजे छपाई पाठवण्याच्या वाटेवर, टाकते आणि जुन्या यंत्रांच्या बाबतीत तो पोर्ट प्रिंटरला उगाच ऑफलाइन ठरवण्यासाठी कुप्रसिद्ध आहे.

पुढच्या खिडकीत ‘अ‍ॅड अ प्रिंटर युझिंग अ‍ॅन आयपी अ‍ॅड्रेस ऑर होस्टनेम’ हा पर्याय निवडावा. ‘डिव्हाइस टाइप’मध्ये ‘टीसीपी/आयपी डिव्हाइस’ घ्यावे, पत्त्याच्या जागी १९२.१६८.१.५० घालावा आणि खालच्या चौकटीतली, ड्रायव्हर आपोआप निवडण्याची खूण काढून टाकावी. संगणकाला यंत्र ओळखता आले नाही तर तो प्रकार विचारतो, तेव्हा ‘स्टँडर्ड’मधून ‘जेनेरिक नेटवर्क कार्ड’ चालते. यातून छपाई ‘रॉ’ पद्धतीने ९१०० या पोर्टवर जाते. एचपीच्या जेटडायरेक्टने रूढ केलेली ही वाट जवळजवळ सर्व कंपन्यांच्या नेटवर्क प्रिंटरांना समजते. काही मोजक्या यंत्रांना ‘एलपीआर’ ही ५१५ पोर्टवरची आणखी जुनी पद्धत लागते, तिथे रांगेचे नाव विचारले जाते आणि ते पुस्तिकेत दिलेले असते.

मग येतो ड्रायव्हर. समोर आलेल्या यादीत कंपनी आणि मॉडेल शोधावे. ते नसले तर ‘विंडोज अपडेट’ हे बटण दाबावे. यादी नव्याने यायला काही मिनिटे लागतात, तोवर खिडकी बंद करू नये. त्यातही नसेल तर निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवावा. ‘फुकट ड्रायव्हर’ देणाऱ्या तिऱ्हाईत संकेतस्थळांपासून लांब राहावे, त्यांच्या फायलींतून नको ते प्रोग्रॅम संगणकात शिरतात.

इथे माहितीपत्रकावरची भाषांची नोंद कामाला येते. पीसीएल ही एचपीची पान-वर्णनाची भाषा आणि पोस्टस्क्रिप्ट ही अ‍ॅडोबीची, आणि या दोन्ही १९८०च्या दशकात आल्या. ज्या यंत्राला यांपैकी एक समजते त्याचे नेमके मॉडेल यादीत नसले तरी काम अडत नाही. एचपीसाठी ‘युनिव्हर्सल प्रिंट ड्रायव्हर’ हा एकच ड्रायव्हर पुष्कळ मॉडेलांना चालतो, आणि इतर कंपन्यांच्या यंत्रांवरही त्याच भाषेचा सर्वसाधारण ड्रायव्हर बहुधा निदान काळी-पांढरी छपाई करतो. लेझरजेट १०२२एनसारखी काही स्वस्त यंत्रे मात्र ‘होस्ट-बेस्ड’ असतात: पान रचण्याचे बरेचसे काम ती संगणकाकडून करून घेतात. त्यांना त्यांचाच ड्रायव्हर लागतो. म्हणून वापरलेला प्रिंटर घेताना पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट असलेलाच घ्यावा, किंमत थोडी जास्त पडली तरी.

हा मुद्दा यापुढे अधिकच महत्त्वाचा ठरणार आहे. छपाई-कंपन्यांचे वेगवेगळे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून पुरवणे टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे मायक्रोसॉफ्टने २०२३मध्ये जाहीर केले आहे. आधीच बसवलेला ड्रायव्हर त्यामुळे नाहीसा होत नाही, पण चालणाऱ्या ड्रायव्हरची फाइल पेनड्राइव्हवर जपून ठेवणे शहाणपणाचे आहे. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून ‘विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड’ नावाचा एक पर्यायही ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मध्ये आला आहे. तो चालू असेल तर बाहेरचे ड्रायव्हर चालतच नाहीत, म्हणून जुन्या प्रिंटरसाठी तो बंद हवा.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर काम थोडक्यात होते. ‘सिस्टिम सेटिंग्ज’मधल्या ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मध्ये नवा प्रिंटर घालताना वरच्या पट्टीतले पृथ्वीगोलाचे चिन्ह निवडावे, पत्ता घालावा, ‘प्रोटोकॉल’मध्ये ‘एचपी जेटडायरेक्ट – सॉकेट’ घ्यावे आणि ‘यूज’ या यादीतून आपले मॉडेल किंवा ‘जेनेरिक पोस्टस्क्रिप्ट’ अथवा ‘जेनेरिक पीसीएल’ निवडावे. लिनक्समध्ये ‘कप्स’ ही छपाईची व्यवस्था हेच काम करते आणि एचपीच्या यंत्रांसाठी ‘एचपीलिप’ हा संच बहुतेक वितरणांत सहज मिळतो. घरातल्या मोबाइलवरूनही छपाई हवी असेल तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर किंवा जुन्या संगणकावर कप्स चालवून प्रिंटर वाटून देता येतो, कारण अ‍ॅपलची मोबाइलवरून छपाईची पद्धत, एअरप्रिंट, २०१०मध्ये आली आणि त्याआधीच्या प्रिंटरांना ती मुळात ठाऊक नाही.

पहिली छपाई, आणि मराठीची परीक्षा

चाचणीचे पान छापले म्हणून काम संपले असे समजू नये. चाचणीच्या पानावर इंग्रजी असते, आपल्याला छापायचा असतो सातबारा, मुलांचा मराठीचा स्वाध्याय किंवा सोसायटीची सूचना. जुन्या यंत्रावर कधी कधी देवनागरी मजकुरातली जोडाक्षरे तुटतात, वेलांट्या भलत्याच ठिकाणी पडतात किंवा अक्षरांऐवजी चौकोन उमटतात. पडद्यावर ‘क्ष’ आणि ‘र्‍या’ व्यवस्थित दिसत असतील तर फाइल निर्दोष आहे, गडबड ड्रायव्हरने फॉन्ट प्रिंटरकडे पाठवताना झालेली आहे. पीडीएफ असेल तर अ‍ॅक्रोबॅट रीडरच्या छपाईच्या खिडकीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबून ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’वर खूण करावी. मग पान चित्र म्हणून जाते आणि जे पडद्यावर दिसते तेच कागदावर उमटते. एचपीच्या अनेक ड्रायव्हरांत, प्रगत पर्यायांखाली, फॉन्ट बिटमॅप, म्हणजे ठिपक्यांचे चित्र, म्हणून पाठवण्याची सोयही असते. चित्र म्हणून छापताना १६ मेगाबाइट स्मृतीच्या यंत्राला एखादे भरगच्च पान झेपले नाही तर ६०० ऐवजी ३०० डीपीआय निवडावे. मजकूर तरीही चांगला वाचता येतो.

दुसरी एक बारीक गोष्ट पुष्कळांना तासभर अडवून ठेवते. छपाई पाठवली, प्रिंटरचा दिवा लुकलुकतो, कागद आत आहे, तरी काही बाहेर येत नाही. अशा वेळी ड्रायव्हरमध्ये कागदाचा आकार ‘लेटर’ असा असतो आणि ट्रेमध्ये ए४ असतो. लेटर हा अमेरिकेत चालणारा, ए४पेक्षा किंचित रुंद आणि आखूड कागद आहे, आणि प्रिंटर तो कागद घालण्याची शांतपणे वाट पाहत उभा असतो. ड्रायव्हरच्या ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’मध्ये, तसेच प्रिंटरच्या वेबपानावर, दोन्हीकडे ए४ निवडावे.

‘ऑफलाइन’ दिसत राहिले तर

पिंगला उत्तर येते, प्रिंटरचे वेबपान उघडते, तरी विंडोज प्रिंटरला ऑफलाइन म्हणते, असे झाले तर ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मधल्या ‘पोर्ट्स’ या भागात खूण असलेला पोर्ट निवडून ‘कॉन्फिगर पोर्ट’ दाबावे आणि ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’वरची खूण काढावी. विंडोज या मार्गाने प्रिंटरची ख्यालीखुशाली विचारत असते. कार्यालयातल्या प्रशासकाने एसएनएमपीचे परवलीचे नाव (‘कम्युनिटी नेम’) बदललेले किंवा ती सोय बंद केलेली असली तर उत्तर येत नाही आणि यंत्र बंद असल्याचा समज होतो. खूण काढल्याने छपाईला काहीही बाधा येत नाही.

घरात दोन-तीन संगणक असतील तर प्रत्येकावर हाच प्रिंटर याच पत्त्याने स्वतंत्रपणे घालावा. एका संगणकावरून दुसऱ्याला ‘शेअर’ करण्याची पद्धत टाळलेली बरी, कारण पहिला बंद असला की सगळ्यांचे अडते, शिवाय २०२१मधल्या ‘प्रिंटनाइटमेअर’ या सुरक्षादोषानंतर विंडोजने अशा वाटणीतून ड्रायव्हर बसवण्यासाठी प्रशासकाची परवानगी सक्तीची केली आहे. बहुउपयोगी यंत्रावर स्कॅन थेट संगणकाच्या फोल्डरमध्ये पाठवण्याची सोय असेल तर ती अनेकदा एसएमबी१ या फायली पाठवण्याच्या कालबाह्य पद्धतीवर चालते. विंडोज १०च्या नंतरच्या आवृत्त्यांत आणि विंडोज ११मध्ये ती मुळात चालू नसते, आणि केवळ स्कॅनसाठी ती चालू करू नये.

जुन्या प्रिंटरला सुरक्षेच्या नव्या सुधारणा मिळत नाहीत, म्हणून दोन गोष्टी पहिल्याच दिवशी कराव्यात. प्रिंटरच्या वेबपानाला परवलीचा शब्द घालावा आणि राउटरवर ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करून ९१०० पोर्ट बाहेरच्या इंटरनेटला कधीही उघडा करू नये. घराबाहेरून छपाई करण्याची हौस त्यासाठी सोडून द्यावी.

पुढे इंटरनेट कंपनी बदलली की राउटरही बदलतो आणि त्याच्याबरोबर घरच्या नेटवर्कचे आकडे बदलू शकतात. प्रिंटर डीएचसीपीवर असेल तर तो नवा पत्ता आपोआप घेतो. माहितीपत्रक पुन्हा छापावे, नव्या राउटरवर त्याच हार्डवेअर अ‍ॅड्रेससाठी पत्ता राखून ठेवावा आणि विंडोजमध्ये ‘पोर्ट्स’मधून ‘अ‍ॅड पोर्ट’ करून ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’वर तो नवा पत्ता घालावा. ड्रायव्हर तोच राहतो, तो पुन्हा बसवावा लागत नाही. माहितीपत्रकाची एक प्रत, तिच्यावर राखून ठेवलेला पत्ता आणि ड्रायव्हरचे नाव लिहून, कागदाच्या ट्रेखाली किंवा प्रिंटरच्या मागच्या बाजूला चिकटवून ठेवावी.